लेपेकाच्या घराचे दोन वाटे

...तर कालोलोनं पुकारलं, "लेपेकाचं घर, दोन वाटे," आणि धक्क्यापाशी उभी असलेली पाण्याची भिंत धप्पकन खाली बसली, इथवर काल आलो होतो. सगळं गाव भिजलं. पाद्रीबाबांचा चष्मा गेला तो गेलाच. आणि लेपेकाचा मुलगा फेलेती, जो ती भिंत एका हातानं तोलून धरून गावाला दाखवत होता, तो क्षणभर स्वतःच्या तळव्याकडं बघत राहिला. मग हसून म्हणाला, "सोडली मीच. गंमत."

गावानं माना डोलावल्या. कालोलोनंही डोलावली. ज्याला समुद्र धरता येतो त्याला तो सोडताही येणार, त्यात नवल कसलं.

पण कालोलोनं दोन वाटे पुकारले ते धाडस म्हणून, असं जे कुणी सांगतात ते साफ खोटं. चूक झाली होती त्याची, आणि अशी चूक आमच्या नुकुफाला बेटाच्याच माणसाकडून व्हावी. या बेटावर मासळी कुठल्या होडीची नसते. होड्या आल्या की सगळी मासळी किनाऱ्यावरच्या झावळ्यांवर पडते आणि तिचे वाटे घालतात. आदल्या रात्री बेटावर जितकी डोकी झोपली तितके वाटे. काल जन्मलेलं पोर असो की उद्या जाणारा म्हातारा, वाटा एकच. वाटे घालणारा घराचं नाव पुकारतो, घरचं माणूस "इथं" म्हणतो आणि टोपली पुढं करतो. शेवटचं घर होईतो कुणी माशाला हात लावत नाही की जागचं हलत नाही.

फेलेती आदल्या संध्याकाळी जहाजानं आला होता आणि आईकडं झोपला होता. सकाळी त्यानं समुद्र उभा केला आणि सांगितलं, आजपासून सगळी मासळी माझ्या पायाशी. मासळी त्याच्या पायाशी गेली. आणि कालोलोच्या तोंडून चाळीस वर्षांच्या सवयीनं पुकारा निघाला. लेपेकाच्या घरी काल एक डोकं होतं, आज दोन. लेपेकाही सवयीनंच म्हणाली, "इथं." एवढंच झालं.

त्याच दुपारी फेलेतीचा हुकूम आला. पुकारा बंद. माझं डोकं कुणी कशात मोजायचं नाही. गाव म्हणालं, तोरा चढलाय. कालोलोही तेच म्हणाला.

आता हा कालोलो म्हणजे कोण, तर बेटावरचा वाटे घालणारा. त्याच्या आधी त्याचा बाप घालायचा. बापानं त्याला शिकवलं ते एका कासवावर. मेलेल्या बापाला सगळे चांगलं म्हणतात, कालोलो तसं म्हणत नसे. तो सांगायचा, "बाप मला एक तुकडा कापायला लावायचा आणि दुसरा स्वतः कापायचा. मग डोळे मिटून दोन्ही हातांत धरायचा. माझा जड लागला की थोबाडीत, हलका लागला तरी थोबाडीत." पण त्यातून नजर अशी तयार झाली, की अर्ध्या बोटाचा फरक त्याला नारळाच्या झाडाखालून दिसायचा. चर्चचं वेदीचं टेबल एका बाजूला कलतंय हे त्यानं दारातून सांगितलं होतं. पाद्रीबाबांनी पातळी लावून पाहिली, कललेलंच निघालं.

एकदा एक परदेशी डॉक्टर मुक्कामाला आले. गावाला वाटलं, पाहुण्याला मोठा कुपा मासा द्यावा. कालोलोनं त्यांना शेपटीकडचा तुकडा दिला आणि शेजारच्या तीन दिवसांच्या बाळाला तेवढाच. डॉक्टर हसत म्हणाले, "अहो, त्याला तर दातही नाहीत."

कालोलो म्हणाला, "येतील. तुमचे जातील. तेव्हा मी बदलत बसू का?"

स्वतःच्या लग्नात, गळ्यात फुलांच्या माळा असताना, त्यानं वाटे घातले. दुसऱ्याच्या हातावर भरवसा नव्हता. नवरी तासभर चटईवर बसून होती. त्यावरून हेलेइनानं त्याला जन्मभर ऐकवलं. "माझ्याशी लग्न केलंस की माशांशी ते एकदा सांगून टाक. मला जेवण तरी कमी रांधता येईल."

त्यांना एकच मुलगी, सिलुआ. ती लग्न करून प्रवाळाच्या बांधाआतल्या तळ्यापलीकडच्या मोतुलालो या छोट्या बेटावर गेली होती. नवरा, दोन मुलं. गावातून मोतुलालोच्या चुलीचा धूर दिसायचा. कालोलो रोज सकाळी तो बघूनच तोंड धुवायला जायचा.

आणि लेपेका ही कालोलोची चुलत बहीण, एकाच अंगणात वाढलेली. आमच्याकडं भाऊबहीण वयात आले की एका छपराखाली बसत नाहीत, थट्टा करत नाहीत, वाटेत समोर आले तर एकजण बाजूला होतो. सख्खे काय, चुलत काय, मान तोच. काही सांगायचं असेल तर तिसऱ्याच्या तोंडी. पन्नास वर्षांत या दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे पुकारा आणि "इथं", एवढंच.

त्या वर्षी जगात ठिकठिकाणी काही माणसं भारली गेली. का आणि कशानं, ते कुणालाच कळलं नाही. रेडिओ सांगायचा, सुवाला एकजण लोखंड लोण्यासारखं वळवतो, ऑकलंडला एक बाई नुसत्या नजरेनं माणसाचा श्वास कोंडते. सरकारं त्यांच्यापुढं हात जोडून बसली. मग रेडिओच बंद पडला. फेलेती वीस वर्षं वेलिंग्टनला मांसाच्या शीतगृहात खोकी उचलत होता. तोही भारला गेला. बाकीच्या भारलेल्यांनी शहरं घेतली. याला तिथं कुणी उभं केलं नसावं. म्हणून ज्या बेटावर लहानपणी सगळे त्याला 'बुटक्या' म्हणायचे, ते बेट त्यानं घेतलं.

समुद्र धरणाऱ्याला आमचं बेट घ्यायला कष्ट कसले. सगळ्यात उंच जागा दोन पुरुष उंचीची, तीही दफनभूमी. तो शाळेच्या माडीवर राहायला गेला. धक्क्याला नऊ पायऱ्या आहेत. त्यानं पाणी कायमचं पाचव्या पायरीवर बांधून ठेवलं, ना भरती ना ओहोटी. "ती माझी सही आहे," म्हणायचा.

मासळी रोज त्याच्या पायाशी पडायची आणि तो ती फेकायचा. वाखाणणाऱ्याला कुपा, गप्प राहणाऱ्याला डोकं, पडलेल्या चेहऱ्याला काहीच नाही. पहिल्या महिन्यात लोक एकमेकांना चोरून देत होते. दुसऱ्या महिन्यात चोरून देणाऱ्याचं नाव सांगितलं की दोन मासे मिळायला लागले. कालोलोचं काम आता मासळी धुऊन रचायचं. ज्याची टोपली जड, तो वर बघत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. तो घरी येऊन म्हणायचा, "हेलेइना, माणसं जड झाली गं."

"तू हलका होतोयस ते बघ," ती म्हणायची आणि आपल्यातलं त्याच्या पानात सरकवायची. तो ते मोजून परत तिच्या पानात टाकायचा.

मग मोतुलालोचं झालं. तिथल्या लोकांना एक कासव मिळालं. ते त्यांनी गावाला न पाठवता आपल्यात वाटलं, रीतीप्रमाणे, अकरा डोकी, अकरा वाटे. सिलुआनं पुकारा केला म्हणे, बापासारखा. कुणीतरी ते फेलेतीच्या कानावर घातलं. कुणी, ते गावाला माहीत आहे आणि गाव ते नाव घेत नाही.

दुपारची वेळ. फेलेतीनं सगळ्यांना किनाऱ्यावर उभं केलं आणि हात उचलला. एक नारळ सोलायला लागतो तेवढाच वेळ लागला. पाणी वर गेलं, थांबलं, उतरलं. मोतुलालो होतं तिथंच होतं, झाडून घेतलेल्या अंगणासारखं. धूर नव्हता.

कालोलो रडला नाही. दुसऱ्या दिवशी मासळी रचताना त्यानं कडेला अकरा माशांची जागा मोकळी सोडली. हेलेइनानं येऊन त्याचा हात धरला तेव्हा त्याला ते कळलं.

चौथ्या दिवशी फेलेतीनं त्याला माडीवर बोलावलं.

"ये मामा, बस."

"उभाच बरा."

"मासळी पुरत नाही बेटाला."

"पुरते. एकाच्याच पायाशी पडली की नाही पुरत."

"जीभ अजून शाबूत आहे तुझी. असू दे. म्हाताऱ्यांना तेवढंच उरतं. डोकी किती आहेत, तीनशे बारा ना?"

"तीनशे एक."

ते अकरा फेलेतीनं वजा केले नव्हते.

"तीनशे एक," कालोलो पुन्हा म्हणाला, "तुला धरून."

"मला धरायचं नाही." फेलेती ताडकन उठला. "सांगितलंय ना एकदा. मला कशातही धरायचं नाही."

माडीच्या खिडकीतून धक्का दिसतो. फेलेतीची पाठ खिडकीकडं होती. कालोलोला पाचवी पायरी दिसत होती, आणि तिच्यावरची ओली रेघ एक बोट वर सरकून पुन्हा खाली आली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती.

"तीस कमी कर," फेलेती सांगत होता. "तुला सगळी घरं पाठ आहेत. कोण ते तूच ठरव. शुक्रवारी किनाऱ्यावर तीस नावं पुकार. एरवी पुकारायची हौस आहेच की तुला. नाही पुकारलीस तर मी मोजत बसणार नाही, सगळंच धुऊन काढीन."

कालोलो खाली आला तो सरळ धक्क्यावर गेला. जाळं धुतल्यासारखं करत पायरीपाशी बसला आणि तोंडातल्या तोंडात पुकारा सुरू केला. वीस घरं झाली, पाणी जिथल्या तिथं. "लेपेकाचं घर, दोन वाटे." एक बोट वर. त्यानं पुन्हा केलं, लेपेकाला वगळून. काही नाही. पुन्हा, लेपेकाला घेऊन. एक बोट. तेव्हा त्याला पहिला दिवस आठवला, धप्पकन बसलेली ती भिंत, आणि फेलेतीचं स्वतःच्या तळव्याकडं बघणं. त्या दिवशी पुकारा मोठ्यानं झाला होता आणि त्याला ओ मिळाली होती. आज नुसतंच पुटपुटणं, म्हणून नुसतंच बोटभर.

त्यानं घरी येऊन सांगितलं. हेलेइना निरफणस भाजत होती.

"म्हणजे त्याला सगळ्यांत एक म्हणून मोजलं, की त्याचं बळ जातं?"

"ओ मिळाली पाहिजे. त्याच्या घरातून."

"आपली पोर गेली त्याला चारच दिवस झालेत. माणसाला काहीही दिसतं."

"चल, बघ."

ती गेली, पायरीपाशी बसली. त्यानं पुटपुटल्यावर पाणी बोटभर चढलेलं तिनंही पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, "निरफणस करपला," आणि मग रडली. मोतुलालोनंतरचं तिचं ते पहिलं रडणं.

फेलेतीच्या घरात दुसरं माणूस एकच, लेपेका. तिलाच टोपली घेऊन यायला हवं होतं, आणि कालोलोला तिच्याशी बोलता येत नव्हतं. निरोप हेलेइनानं नेला. अवघड निरोप होता. शुक्रवारी गावासमोर तू ओ दे, म्हणजे तुझ्या मुलाचं बळ जाईल. त्यानंतर सुऱ्या बाळगणारं गाव त्याचं काय करील ते आम्हाला सांगता येत नाही. आणि तू आली नाहीस तर आम्ही कुणीच उरत नाही.

"काय म्हणाली?" कालोलोनं विचारलं.

"म्हणाली, टोपली विणते आहे."

कालोलो खाली बसला. नुकुफालाची बाई बोलत बोलत झावळीची टोपली विणते, चहा उकळायच्या आत. दुसऱ्या दिवशी हेलेइना पुन्हा गेली. लेपेका अंगणात हिरवी झावळी मांडीवर घेऊन बसली होती, दोन ओळी विणलेल्या. "विणते आहे." बुधवारी झावळी वाळली होती, ओळी दोनच. गुरुवारी लेपेका घरात नव्हती. शेजारीण म्हणाली, शाळेच्या माडीवर गेली, मुलाला जेवण घेऊन.

"सांगेल ती त्याला," हेलेइना म्हणाली.

"सांगेल कदाचित."

"मग तीस नावं तरी तयार ठेव, देवा. माझं पहिलं घाल."

"मला वजा करायला शिकवलं नाही बापानं," कालोलो म्हणाला. "फक्त वाटायला शिकवलंय."

शुक्रवारी सगळं गाव किनाऱ्यावर आलं. हुकूमच होता. बातमी फुटली होती की आज तीस नावं निघणार. आयांनी पोरांना पाठीमागं घेतलं होतं. ज्यांच्या टोपल्या आजवर जड असायच्या ते पुढं उभे होते, कालोलोच्या नजरेस पडावे म्हणून. कालोलोनं झावळ्या पसरल्या आणि मासे एकेक करून मांडायला सुरुवात केली.

फेलेती माडीवरून खाली आला. "हे काय चालवलंयस?"

"मांडतोय."

"नावं सांग, मामा."

"कमी करायचे तर आधी मांडायला नकोत? नंतर म्हणशील, एकतीस गेले."

हे ऐकून मागं कुणीतरी फिसकन हसलं. भीतीनंच हसलं असेल, पण हसलं. फेलेतीनं तिकडं बघितलं आणि त्याचं बोलणं राहून गेलं. कालोलो सरळ उभा राहिला आणि त्यानं पहिलं घर पुकारलं.

कुणी ओ दिली नाही. त्यांना वाटलं, तिसांतलं पहिलं नाव. मग हेलेइना पुढं झाली. तिचं घर नव्हतं ते, पण ती त्या घरच्या सुनेला म्हणाली, "अगं, वाटा पुकारलाय. टोपली आण." ती सून म्हणाली, "इथं." कालोलोनं तिच्या टोपलीत पाच मासे टाकले, पाच डोकी होती म्हणून. मग दुसरं घर. तिसरं. गावाला उमगलं की ही तीस नावं नव्हेत, हा जुना पुकारा आहे. ओ मोठी व्हायला लागली. तेओफिलो नावाचा एक तरणा होता, मोतुलालोला त्याचा भाऊ गेला होता. तो इतक्या जोरात "इथं" म्हणाला की कालोलोनं त्याला दटावलं, "बहिरा नाही मी."

फेलेतीनं हात उचलला. प्रवाळाच्या बांधापलीकडं समुद्र उठायला लागला. कालोलोच्या तो समोरच होता, दिसत होता त्याला. पुकारा घाईनं करायचा नसतो, लांबवायचाही नसतो. त्यानं एक नाव गाळलं नाही, एक मासा वाकडा टाकला नाही. पाणी माडाएवढं झालं. माणसं हलली नाहीत. पुकारा चालू असताना हलत नाहीत, एवढंच त्यांना त्या घडीला आठवत होतं.

"लेपेकाचं घर, दोन वाटे."

ओ नाही. फेलेती हसला, पण पाणी एकदा हिंदकळलं, भरल्या घागरीसारखं. कालोलोनं पुन्हा पुकारलं. "लेपेकाचं घर. दोन वाटे."

चर्चच्या भिंतीआडून लेपेका आली. तिची चाल मुळातच हळू, त्या दिवशी आणखीच हळू. हातात टोपली होती, वाळक्या झावळीची, अर्धी पिवळी आणि अर्धी आज सकाळी घाईनं पुरी केलेली. ती मुलाच्या अंगावरून आली. तो म्हणाला, "आई, घरी जा." तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"इथं," ती म्हणाली. "दोन."

बांधापलीकडं पाणी कोसळलं. जे आत आलं ते छातीएवढं होतं. त्यानं सात होड्या नेल्या, किनाऱ्यावरची दोन घरं नेली, आणि कालोलोच्या बापाचा जुना मित्र, जो चालता येत नसताना ओ द्यायला येऊन बसला होता, त्याला नेलं. पाणी ओसरलं तेव्हा फेलेती खडीत बसला होता. ओलाचिंब, चाळिशीतला, खरंच बुटका. तो हात उचलून बघत होता. धक्क्याच्या पाचव्या पायरीवरची सही पुसली गेली होती.

तेओफिलो सुरी काढून पुढं आला. त्याच्या मागं आणखी चौघं.

"वाटे पुरे झालेले नाहीत," कालोलो म्हणाला.

"काका, बाजूला व्हा."

"मासे वाहून गेलेत ते गोळा करा. अजून चाळीस घरं राहिलीत. पुकारा संपेतो कुणी जागचं हलायचं नाही, हे मी तुला आता शिकवायचं का, बैला? शेवटचा वाटा होऊ दे, मग काय करायचं ते कर."

तेओफिलो उभा राहिला. मग वाकून चिखलातून एक मासा उचलला. संध्याकाळपर्यंत गाव मासे शोधत होतं. एका माशाचे तीन तीन तुकडे झाले. तेवढ्या वेळात सुऱ्या माशांवर चालल्या आणि पाची जणांचे हात दुखायला लागले. तीनशे वाटे. फेलेतीचा वाटा लेपेकाच्या टोपलीत होता, शेपटीकडचा तुकडा.

पुढच्या दिवशी म्हाताऱ्यांची बैठक बसली. कुणी म्हणालं, होडीत घालून सोडा. कुणी म्हणालं, बुडवा, तो बुडवायला शिकलाय तसा बुडू दे. पाद्रीबाबा चष्म्याशिवाय कुणाकडंच बघत नव्हते. कालोलोनं एकच गोष्ट सांगितली, की बळ मेलेलं नाही, नुसतं निजलंय. पुकारा लांबला की पायरीवरचं पाणी पुन्हा थिजायला लागतं, ते त्यानं सकाळी पाहिलं होतं. म्हणजे जिवंत ठेवायचा तर रोज मोजायचा.

"म्हणूनच म्हणतोय," तेओफिलो म्हणाला, "जिवंत कशाला ठेवायचा? काका, तुमची मुलगी गेली. नातवंडं गेली. तुम्ही बोला. तुम्ही म्हणाल ते होईल."

सगळे कालोलोकडं बघत होते. पलीकडं छपराबाहेर लेपेका बसली होती, भाऊ आत आहे म्हणून बाहेर. होड्या आल्याची हाक आली. बैठक तशीच टाकून कालोलो उठला, उरलेल्या दोन होड्यांची मासळी मांडली आणि पुकारा सुरू केला. लेपेकाच्या घराशी आला आणि म्हणाला, "दोन वाटे."

ज्याचा वाटा पुकारला तो बेटाचा. बैठक पुन्हा बसली नाही.

पण हे सगळं सोपं झालं, असं समजू नका. फेलेती निरफणसाखाली जाळी शिवत बसतो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. पोरं लांबून 'बुटक्या' म्हणतात आणि पळतात. कालोलोला जेवण जात नाही. हेलेइना म्हणते, "आज एक वाटा हलका पडला तुझ्या हातून." पूर्वी असं ती थट्टेनं म्हणायची. रोज दुपारी लेपेकाच्या नावाशी तो अडतो, आणि रोज सगळं गाव माशांकडं न बघता पायऱ्यांकडं बघतं.

मोतुलालोला वर्ष झालं त्या दिवशी तो फारच अडला. सिलुआचं घर पूर्वी लेपेकाच्या आधी यायचं. ती जागा आली आणि तो थांबला. फेलेतीनं जाळ्यावरून मान वर केली. पायऱ्यांवरच्या बारक्या लाटा येता येता थांबल्या, पाणी काचेसारखं झालं. आपापले श्वास ऐकू यायला लागले. तेओफिलो हळूच म्हणाला, "काका."

"लेपेकाचं घर," कालोलो म्हणाला. "दोन वाटे."

"इथं."

लाटा पुन्हा सुरू झाल्या. लेपेका टोपली घेऊन आली, आणि त्या दिवशी टोपली पुढं करून ती नेहमीसारखी मान वळवून उभी राहिली नाही. सरळ भावाकडं बघितलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. भाऊबहिणीचं बोलणं ऐकू नये म्हणून जवळच्या बायकांनी तोंडं फिरवली, कान मात्र तिथंच राहिले.

"दादा," ती म्हणाली, "रोज मोजतोस त्याला. पाण्याला भिऊन मोजतोस, की माफ केलंस?"

कालोलोनं एक मासा कल्ल्याला धरून टोपलीत ठेवला. मग दुसरा, तेवढाच. आणि म्हणाला:

"माफ नाही केलं, लेपेका. आणि भ्यायचं म्हणशील तर माझं बुडण्यासारखं होतं ते मोतुलालोलाच गेलं. काल रात्री तो या बेटावर झोपला, एवढंच मला ठाऊक आहे. टोपली सरळ धर, शेपटी बाहेर येतेय."